घाबरट मांजर घरात रुळवताना : आधी जागा, मग माणूस, स्पर्श सर्वांत शेवटी

नवे मांजर घरी आले की बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. पिंजरा हॉलच्या मधोमध उघडला जातो, घरातील सगळी माणसे कौतुकाने भोवती बसतात, मांजर संधी मिळताच दिवाणाखाली किंवा फ्रीजमागे शिरते आणि पुढचे दोन-तीन दिवस कोणी वाटी सरकवून, कोणी हाका मारून, तर कोणी सरळ हात घालून त्याला बाहेर काढण्याच्या खटपटीत असते. आठवडाभराने ‘हे मांजर माणसाळणारच नाही’ असा निकाल देऊन सगळे मोकळे होतात. दोष बहुतेक वेळा मांजराच्या स्वभावात नसून आपण धरलेल्या क्रमात असतो. मांजर हा आपल्या हद्दीला धरून राहणारा प्राणी आहे. जागेची खात्री पटल्याशिवाय त्याला माणसाची खात्री पटत नाही, आणि माणसाची खात्री पटण्याआधी झालेला स्पर्श त्याला पकडल्यासारखाच वाटतो. आपण मात्र स्पर्शापासून सुरुवात करतो.

पुढील क्रम रस्त्यावरून, आश्रयगृहातून किंवा दुसऱ्या घरातून आणलेल्या, साधारण ६ महिन्यांपुढील मांजरासाठी आहे. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाला माणसाचा सहवास मिळतो, त्याला पुढे माणूस ओळखीचा वाटतो; तो काळ माणसांविना गेला असेल तर मांजर नंतरही शिकते, पण सावकाश. घरात वर्षभर राहूनही पलंगाखालीच वावरणाऱ्या मांजरासाठीसुद्धा हाच क्रम पहिल्या टप्प्यापासून करावा, मधूनच नव्हे. जन्मापासून उघड्यावर वाढलेले आणि माणसाला कधीच जवळ येऊ न देणारे पूर्ण वाढीचे मांजर घरात कोंडणे मात्र त्याच्या हिताचे असतेच असे नाही. त्याची नसबंदी व लसीकरण करून त्याच्या ओळखीच्या आवारातच रोज ठरल्या वेळी खाऊ घालणे हे अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते.

## आधी ठरवा : भीती आहे की आजार?

आजारी मांजरही लपते, खात नाही आणि हात लावल्यास फिस्कारते. त्यामुळे कालपर्यंत घरभर फिरणारे मांजर आज अचानक कपाटामागे जाऊन बसले असेल, तर हा लेख बाजूला ठेवून प्रथम पशुवैद्यकाकडे जावे. नवे मांजर आणताना ते घरी नेऊन मग दवाखान्यात नेण्याऐवजी येतानाच तपासणी करून घ्यावी. कानातील किडे, पिसवा, जंत आणि दात यांची तपासणी एकदाच होते, रेबीज व इतर लसींचे वेळापत्रक ठरते आणि घरी आल्यावर निदान पहिले काही दिवस त्याला पुन्हा पकडण्याची वेळ येत नाही. दोन दिवसांत जेमतेम स्थिरावलेल्या मांजराला तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यात कोंबले, की तोवर कमावलेले सगळे पाण्यात जाते.

सावध : मांजर चावले किंवा त्याने बोचकारले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबाबत विचारावे. हळद किंवा चुना लावून थांबू नये.

## टप्पा १ : खोली तयार करणे

हे काम मांजर येण्यापूर्वी पूर्ण झाले पाहिजे. संपूर्ण घर एकदम मोकळे करून देणे म्हणजे आपल्या दृष्टीने मोठेपणा असतो. मांजराच्या दृष्टीने मात्र ती एकाच वेळी तपासावी लागणारी पाच-सहा अनोळखी ठिकाणे असतात. म्हणून एकच खोली निवडावी. तिचा दरवाजा बंद होत असावा, तिथून घरातील माणसांची सततची ये-जा नसावी आणि ती स्वयंपाकघराला किंवा मुख्य दाराला लागून नसावी. बाथरूम निवडण्याचा मोह होतो, पण तिथे ओल असते, आवाज घुमतो आणि दिवसातून वीस वेळा कोणीतरी आत येते. घर एका खोलीचेच असेल तर एक कोपरा निवडून त्याच्यापुढे कपडे वाळत घालण्याचा स्टँड उभा करावा, त्यावर जाड चादर टाकावी आणि त्या आडोशामागील जागेलाच ‘खोली’ मानून पुढचे सर्व टप्पे पाळावेत.

यानंतर लपण्याच्या जागांकडे पाहावे, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. मांजराने लपू नये म्हणून सगळ्याच जागा बुजवल्या जातात, किंवा काहीच न बुजवल्याने ते दिवाणाच्या पेटीत जाऊन बसते आणि मग हाती लागत नाही. योग्य मार्ग या दोहोंच्या मधला आहे. जिथे आपला हात पोहोचत नाही, जिथे विजेच्या तारा आहेत किंवा जिथे मांजर अडकू शकते, म्हणजे फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या मागील बाजू, दिवाणाखालील फट, कपाट व भिंत यांमधील बोळ, माळा, अशा जागा पुठ्ठे आणि उशा लावून बंद कराव्यात. त्याच वेळी आपण निवडलेल्या किमान दोन चांगल्या लपणजागा द्याव्यात. त्यांपैकी एक जमिनीलगत असावी. कुरियरचे मोठे खोके आडवे ठेवून त्याला समोरासमोर दोन दारे कापावीत, म्हणजे आत कोंडी झाल्याची भावना राहत नाही. दुसरी जागा उंचावर असावी. टेबलावर किंवा कपाटाच्या मधल्या फळीवर जुना टॉवेल अंथरला तरी पुरते, पण तिथे चढण्यासाठी मध्ये खुर्ची किंवा स्टूल ठेवावे. लपायला मिळाल्याने मांजर कायमचे लपून राहील ही भीती निराधार आहे. नेदरलँड्समधील एका आश्रयगृहात नव्या मांजरांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांना लपण्यासाठी खोके दिले होते त्यांचा ताण पहिल्या काही दिवसांत इतरांपेक्षा लवकर उतरल्याचे दिसून आले.

शौचाचा ट्रे मांजराच्या शरीराच्या दीडपट लांब असावा. बाजारातील झाकणबंद, लहान ट्रे दिसायला नीटनेटके असतात. परंतु घाबरलेल्या मांजराला बाहेर पाहता येत नाही आणि एकाच दारातून ये-जा करावी लागते, म्हणून उघडा आणि साधा प्लॅस्टिकचा घमेला किंवा टब अधिक उपयोगी पडतो. त्यात लिटरचा, म्हणजे मांजराच्या शौचासाठी मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या भुशाचा, ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचा बिनवासाचा थर द्यावा. रस्त्यावरील मांजराला मातीची सवय असल्यामुळे सुरुवातीला त्यात मूठ-दोन मुठी कोरडी माती मिसळावी आणि पुढे ती कमी करत जावी. ट्रे एका कोपऱ्यात, खाण्याची वाटी त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात आणि पाण्याचे भांडे या दोहोंपासून वेगळे ठेवावे. जिथे विष्ठा असते तिथे मांजर खायला राजी होत नाही, ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही आणि ‘खातच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

शेवटी खिडक्या पाहाव्यात. साध्या गजांच्या खिडकीतून, म्हणजेच आपल्या नेहमीच्या ग्रिलमधून, मांजराचे डोके गेले की अंगही जाते, आणि डासांची जाळी पंज्यांनी फाटते. कबुतरांसाठी बसवतात तशी मजबूत नायलॉनची जाळी चारही बाजूंनी घट्ट ताणून बसवावी. ती बसेपर्यंत खिडकी बंदच ठेवावी.

सावध : ही खोली पुसताना फिनेल किंवा फिनॉलयुक्त जंतुनाशक वापरू नये. मांजराचे यकृत असे पदार्थ नीट निचरू शकत नाही आणि पंजे चाटताना ते थेट पोटात जातात. डांबराच्या गोळ्या, सुगंधी तेलाचे दिवे, जळती धूप-उदबत्ती आणि लिलीची फुले खोलीबाहेर असावीत. लिलीच्या परागकणांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिनयुक्त गोचीडनाशके तर मांजराला कधीही लावू नयेत.

## टप्पा २ : पहिले दिवस, आणि काहीही न करणे

पिंजरा खोलीत आणून लपण्याच्या खोक्याजवळ ठेवावा, त्याचे दार उघडावे आणि खोलीबाहेर पडावे. मांजराला बाहेर ओतू नये. पिंजरा तिथेच उघडा राहू द्यावा. त्यात त्याचा स्वतःचा वास असतो आणि पुढे दवाखान्यात नेताना तोच पिंजरा शत्रू वाटत नाही.

यानंतर घरातील एकाच व्यक्तीने दिवसातून तीन-चार वेळा आत जावे, वाटी भरावी, ट्रे साफ करावा आणि यावे. जाताना दारावर हलकेच टकटक करावी, म्हणजे दार अचानक उघडत नाही. मांजर कुठे आहे हे वाकून पाहू नये, खोक्यात तोंड घालू नये, ‘ये ये, माऊ’ असे म्हणत बसू नये. मांजरे पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक हालचाल करतात, त्यामुळे घरातील सगळे झोपल्यावर रात्री खुडबुड ऐकू आली, तर ती चांगली खूण आहे. तपासायला दिवा लावून आत जाऊ नये.

प्रश्न अन्नाचा उरतो. ते आधी ज्या ठिकाणी होते तिथले अन्नच पहिला आठवडाभर द्यावे, मग ते कितीही साधे असले तरी. रस्त्यावरील मांजराला मीठ-मसाला न घातलेले उकडलेले चिकन किंवा काटे काढलेला मासा चालतो. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नये, कारण त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. दुधाची वाटी ही जुनी समजूत आहे. अनेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि घाबरलेल्या मांजराला जुलाब झाले तर ट्रेशी जुळलेले नातेही बिघडते.

तपासा : रोज तीन गोष्टी वहीत नोंदवाव्यात : वाटीतील अन्न कमी झाले का, ट्रेमध्ये लघवीने झालेले लिटरचे गोळे आहेत का, आणि विष्ठा आहे का. मांजर दिसले की नाही, ही नोंद महत्त्वाची नाही.

सावध : २४ तास काहीच खाल्ले नसेल तर पशुवैद्यकांना दूरध्वनी करावा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते, आणि लठ्ठ मांजराला हा धोका अधिक असतो. बोका ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसत असेल, ओरडत असेल आणि लघवी होत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठावा.

## टप्पा ३ : माणसाची सवय

वाटी नियमित रिकामी होऊ लागली आणि ट्रे वापरात आला, म्हणजे जागा पटली. काही मांजरांना यासाठी तीन दिवस लागतात, काहींना तीन आठवडे. आता अन्न आणि माणूस यांची गाठ घालायची असते.

वाटी दिवसभर भरून ठेवणे बंद करावे. दिवसाचे अन्न तीन किंवा चार ठराविक वेळांत विभागावे आणि प्रत्येक वेळी वाटी ठेवल्यानंतर १५-२० मिनिटे खोलीतच थांबावे. थांबायचे ते मांजरापासून शक्य तितके दूर, जमिनीवर, दाराची वाट न अडवता आणि त्याच्याकडे तिरके बसून. उभा माणूस मांजराला फार मोठा वाटतो आणि रोखून पाहणे ही मांजरांच्या व्यवहारात धमकी असते. या वेळेत पुस्तक वाचावे किंवा हलक्या आवाजात काहीतरी वाचून दाखवावे. फोनवरील बोलणे टाळावे, कारण त्यात आपला आवाज नकळत चढतो. पहिले काही दिवस मांजर आपण असताना खाणार नाही. अशा वेळी २० मिनिटांनी उठून निघून जावे आणि वाटी तिथेच राहू द्यावी. उपाशी ठेवून वश करणे हा इथला हेतू नाही.

आपल्या समोर खाणे सुरू झाले, की वाटी दर दोन-तीन दिवसांनी एक वीतभर आपल्या बाजूला आणावी. इथे घाई करण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण मांजर भुकेपोटी जवळ आलेले दिसते. पण खाताना त्याचे मागचे पाय ताणलेले असतील, कान मागे वळलेले असतील आणि घास तोंडात धरून ते पळत असेल, तर अंतर कमी झालेले नाही. ते फक्त धोका पत्करत आहे. वाटी पूर्वीच्या जागी न्यावी आणि आठवडाभर तिथेच ठेवावी.

मांजराशी नजरानजर झालीच तर डोळे अर्धवट मिटून, हळूच बंद करून पुन्हा उघडावेत. हा केवळ मांजरप्रेमींचा भाबडेपणा नाही. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अशी सावकाश डोळ्यांची उघडझाप केल्यानंतर अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे मांजरे अधिक वेळा आली. मांजरानेही डोळे तसेच मिटले तर त्या दिवसाचे काम झाले असे समजून उठावे.

खेळणे हाही अन्नाइतकाच उपयोगी मार्ग आहे, विशेषतः हावरट नसलेल्या मांजरासाठी. लांब काठीला दोरी आणि तिच्या टोकाला पीस किंवा कापडाची चिंधी बांधावी, म्हणजे मांजराला हातापासून हातभर-दीड हात दूर राहूनही आपल्यासोबत काहीतरी करता येते. चिंधी त्याच्याकडे नेऊ नये. ती त्याच्यापासून दूर, जमिनीवरून सरपटत न्यावी. सावज कधी शिकाऱ्याच्या अंगावर येत नसते. शेवटी चिंधी त्याला पकडू द्यावी आणि लगेच खायला द्यावे. लेझरच्या ठिपक्यात पकडण्यासारखे काहीच नसल्याने घाबरट मांजर त्याने अधिकच अस्वस्थ होते.

तपासा : आपण खोलीत असताना मांजर पाठ फिरवून खाते का, अंग चाटून साफ करते का, किंवा आडवे पडते का? यांपैकी दोन गोष्टी सलग काही दिवस दिसल्याशिवाय पुढील टप्पा घेऊ नये.

## टप्पा ४ : पहिला स्पर्श

स्पर्शाची सुरुवात मांजराने करायची असते. आपण केवळ मूठ सैल मिटून, एक बोट किंचित पुढे काढून, त्याच्या नाकाच्या उंचीवर आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर हात स्थिर ठेवावा. मांजराने वास घेऊन गाल घासला, तर गालावर, हनुवटीखाली किंवा कानांच्या बुडाशी दोन-तीन सेकंद बोट फिरवावे आणि हात मागे घ्यावा. हा हात मागे घेणे हाच या टप्प्याचा गाभा आहे. त्याने पुन्हा डोके पुढे केले तर पुन्हा दोन-तीन सेकंद. नुसते बसून राहिले तर तिथेच थांबावे. आपण थांबतो हे कळलेले मांजर पुढच्या वेळी लवकर जवळ येते.

पोट, शेपटीचे मूळ आणि पंजे यांना बरेच दिवस हात लावू नये. मांजर समोर लोळून पोट दाखवते ते विश्वास म्हणून. कुरवाळण्याचे ते निमंत्रण नसते. वरून डोक्यावर हात नेऊ नये. शेपटीचे टोक झटके देऊ लागले, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले किंवा अंगाचा सैलपणा गेला, तर फिस्कारण्यापूर्वीचा इशारा मिळाला असे समजावे. मांजर ‘अचानक’ बोचकारते अशी तक्रार जिथे असते, तिथे हे चार इशारे कोणीतरी पाहिलेले नसतात.

उचलून घेणे हा वेगळा आणि खूप नंतरचा विषय आहे. काही मांजरे वर्षानुवर्षे शेजारी झोपतात, पण उचललेले त्यांना कधीच आवडत नाही. तसे असेल तर तसेच राहू द्यावे.

सावध : मानेची कातडी धरून मोठ्या मांजराला उचलू नये. फिस्कारल्याबद्दल ओरडणे, पाणी फवारणे किंवा नाकावर टिचकी मारणे यांतून मांजर फक्त इतकेच शिकते, की हा हात टाळायचा आहे.

## टप्पा ५ : उरलेले घर

खोलीत मांजर शेपटी वर करून फिरू लागले, म्हणजे दार उघडण्याची वेळ झाली. त्याआधी दोन-चार दिवस त्याच्या अंथरुणातील कापड हॉलमध्ये आणि हॉलमधील एखादी चादर त्याच्या खोलीत ठेवून वासांची देवाणघेवाण करावी. पहिल्यांदा दार उघडताना रात्रीची शांत वेळ निवडावी, टीव्ही आणि मिक्सर बंद असावेत, मुख्य दार व गॅलरी बंद असावी. मांजराला बाहेर नेऊ नये; दार उघडे ठेवून आपण आपल्या जागी बसावे. ते चार पावले बाहेर येऊन परत पळाले तर ते अपयश नव्हे, परतीची वाट तपासून पाहणे आहे. म्हणूनच त्याच्या खोलीचे दार त्याच्यामागे कधीही लावू नये.

एका वेळी एकच खोली वाढवावी आणि प्रत्येक नव्या खोलीत एक लपणजागा व एक उंच जागा आधीच तयार ठेवावी. मूळ खोलीतील ट्रे आणि वाटी हलवू नये. दुसरा ट्रे हवा असेल तर तो नव्या जागी जास्तीचा ठेवावा, कारण एका मांजरामागे दोन ट्रे असणे तसेही चांगले.

## टप्पा ६ : आवाज आणि माणसे

मांजराला सुमारे ६४ किलोहर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर माणसाची मर्यादा २० किलोहर्ट्‌झच्या आसपास आहे. कुकरची शिट्टी, मिक्सर आणि दारावरची घंटी हे आपल्या घरांतील तीन मोठे खलनायक होत. घंटीचा आवाज कमी करता येत असेल तर करावा. कुकर लावण्यापूर्वी त्याला त्याच्या खोलीत खाऊ द्यावा, म्हणजे शिट्टी खाण्याच्या वेळेशी जोडली जाते. फटाक्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण अगदी हलक्या पातळीवर, खाण्याच्या वेळी ऐकवण्यास दिवाळीच्या निदान दोन महिने आधी सुरुवात करावी आणि मांजर खाणे थांबवत नाही इतपतच आवाज वाढवत न्यावा. वसुबारसेला सुरुवात करून काहीही साधत नाही.

कामाला येणाऱ्या मावशींना आधीच विनंती करून झाडू आणि पुसण्याची काठी मांजराच्या दिशेने न नेण्यास सांगावे. पाहुण्यांना ‘मांजराकडे लक्ष देऊ नका’ एवढी एकच सूचना पुरते. मांजर बहुधा सर्वांत दुर्लक्ष करणाऱ्या पाहुण्याजवळ जाऊन बसते, हे मांजर नावडणाऱ्या काकांना सोसावे लागते. लहान मुलांना मात्र मोठ्यांच्या देखरेखीशिवाय मांजरासोबत ठेवू नये आणि लपणजागेपाशी मुलांनी कधीच जायचे नाही, हा नियम घरात पक्का असावा.

## मागे घसरल्यास

फटाके, घरातील रंगकाम, गावाहून आलेली मंडळी किंवा दवाखान्याची एखादी फेरी यांनंतर मांजर पुन्हा खोक्यात जाऊन बसेल. अशा वेळी आहे त्याच टप्प्यावर जोर लावू नये. एक टप्पा मागे जावे. तिथे ते स्थिर दिसत नसेल तर आणखी एक. दुसऱ्यांदा तीच वाट बहुधा लवकर पार होते.

ट्रेबाहेर लघवी, अंगावरील केस चाटून टक्कल पडणे किंवा खाणे कमी होणे अशी लक्षणे दिसली, तर ती खोड न समजता पशुवैद्यकांना दाखवावे. मांजरांच्या गालातील गंधद्रव्याची नक्कल असलेले डिफ्यूझर बाजारात मिळतात. काही मांजरांना त्यांचा उपयोग होतो, पण खोलीची तयारी चुकली असेल तर ते ती भरून काढत नाहीत. प्रवासापूर्वी किंवा दिवाळीत देण्यासाठी भीती कमी करणारी औषधेही पशुवैद्यक देऊ शकतात. त्यांची मात्रा त्यांनीच ठरवावी आणि पहिला डोस घरी, ते देण्याची खरी गरज पडण्यापूर्वी एखाद्या शांत दिवशी, त्यांच्या सल्ल्याने देऊन पाहावा. माणसाच्या औषधांच्या डब्यातील काहीही मांजराला देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.